मदत हवी आहे: दीड वर्षाच्या मुलाला तोंडात थ्रश परत परत होतोय

मुलाच्या जिभेवर आणि गालांच्या आतून दह्याच्या कवडीसारखे पांढरे डाग येतात. दुधाचा थर असता तर पुसल्यावर निघाला असता. हे निघत नाहीत, जोर लागला तर खाली लालबुंद होतं. डॉक्टरांनी कँडिडा बुरशी सांगितली आणि निस्टॅटिनचे थेंब दिले. थेंबांनी जातं, काही आठवड्यांत पुन्हा उगवतं. मध्यंतरी कानासाठी अँटिबायोटिक झालं. धाप लागते म्हणून स्टिरॉइडचा पंप रोज चालू आहे. रात्री अजून अंगावर पितो.

ताप नाही, खेळतो, वजनही वाढतंय. पण घास पाहिला की तोंड फिरवून रडतो, ते बघवत नाही. तान्ह्या बाळांना हे सर्रास होतं, पण हा तर आता मोठा झाला ना? पंपामुळे होत असेल का? आणि पुढच्या तपासण्या कधी करायच्या?

प्रतिसाद १
पंप स्वतःहून मुळीच बंद करू नका, धाप वाढेल. औषधाचा काही भाग तोंडात राहतो आणि तिथे बुरशीचं फावतं. मास्क लावलेल्या स्पेसरमधून (पंपाला जोडायची पोकळ नळी) द्या, लगेच पाणी पाजा, तोंड पुसा. अँटिबायोटिकने बुरशीला आवर घालणारे जीवाणूही मरतात, तेही कारण असू शकतं. थेंब खाणंपिणं झाल्यावर द्यायचे आणि डाग गेल्यावरही दोन दिवस चालू ठेवायचे. तुमच्या स्तनाग्रांना आग किंवा खाज आहे का? असेल तर दोघांवर एकदमच उपचार हवेत, नाहीतर बुरशी एकमेकांकडे फिरत राहते. बाटलीची निपलं, चोखणी रोज उकळा. डायपरच्या जागी, घड्यांमध्ये लाल पुरळ आणि कडेला सुटे ठिपके असतील तर तीही बहुधा हीच बुरशी.

प्रतिसाद २
वर्षानंतर वारंवार होत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. तुमच्याकडे पंप आणि अँटिबायोटिक ही कारणं समोर आहेत, त्यामुळे लगेच धसका घेऊ नका. पण कारण नसताना होत असेल, किंवा सोबत वरचेवर न्यूमोनिया, न थांबणारे जुलाब, वजन अडणं असेल, तर प्रतिकारशक्ती आणि रक्तातली साखर तपासायला हवी. गिळताना दुखतंय, पिणं सोडलंय, लघवी कमी झालीय, ताप किंवा सुस्ती आहे, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

धागाकर्ती
मला आग होते, आणि त्याच्या मांडीच्या घडीत तसेच ठिपके आहेत. उद्याच दोघांचंही दाखवून येते.