स्टिकी हेडर चिकटतच नाही, मदत हवी आहे (अर्जंट)

घाईत_आहे:
वेबपानाची वरची पट्टी (हेडर) स्क्रोल केलं तरी वरच चिकटून राहावी म्हणून सीएसएसमध्ये हेडरला पोझिशन स्टिकी दिलंय, टॉप शून्य दिलंय, झेड-इंडेक्स ९९९ केला तरी स्क्रोल केलं की वर निघून जातो. आधीच्या साइटवरून जसाच्या तसा उचललाय, तिथे मस्त चालतो, म्हणजे कोड बरोबरच आहे. उद्या दाखवायचंय, प्लीज सांगा कोणीतरी.

जुना_टॅग:
हेडर कशाच्या आत आहे? एचटीएमएल टाका की. आणि झेड-इंडेक्सचा इथे काय संबंध, तो फक्त कोण कोणाच्या वर दिसणार ते ठरवतो.

घाईत_आहे:
नेहमीसारखंच हो, एक रॅपर (सगळ्याला गुंडाळणारा डबा), त्यात हेडर, मेन, फुटर.

बूटस्ट्रॅपप्रेमी:
कशाला डोकं फोडताय, बूटस्ट्रॅप (तयार सीएसएसचा संच) घ्या, स्टिकी-टॉप क्लास लावा, काम खल्लास. कार्ड, मोडल, नॅव्हबार सगळं आयतं मिळतं.

जुना_टॅग:
अहो त्या क्लासमध्ये तरी काय आहे, पोझिशन स्टिकी, टॉप शून्य, झेड-इंडेक्स १०२०. तेच तर यांनी लिहिलंय!

बूटस्ट्रॅपप्रेमी:
माझ्याकडे चालतं बुवा. नाहीतर पोझिशन फिक्स्ड करा (कायम खिळवून ठेवा) आणि बॉडीला हेडरच्या उंचीइतकं पॅडिंग (मोकळी जागा) द्या.

मधलीसुट्टी:
मोबाइलवर हेडर दोन ओळींचा झाला की ते पॅडिंग कमी पडतं, फिक्स्डच्या नादी लागू नका. रॅपरला ओव्हरफ्लो हिडन आहे का, म्हणजे बाहेर जाणारा भाग लपवलाय का?

घाईत_आहे:
ओव्हरफ्लो-एक्स (आडव्या दिशेचं) हिडन आहे, पण ते आडवा स्क्रोलबार येत होता म्हणून. त्याचं काय?

मधलीसुट्टी:
तिथेच घोडं अडलंय. एक्सला हिडन दिलं की वायचं (उभ्या दिशेचं) व्हिजिबल आपोआप ऑटो होतं, रॅपर हाच स्क्रोल कंटेनर (ज्याच्या आत स्क्रोल होतं तो डबा) ठरतो आणि स्टिकी त्याच्या हिशोबाने चिकटायला बघतं, पण स्क्रोल होतंय अख्खं पान. जुन्या साइटवर ते बहुतेक बॉडीला असेल, बॉडीचं ओव्हरफ्लो व्ह्यूपोर्टला (ब्राउझरच्या दिसणाऱ्या खिडकीला) लागतं म्हणून तिथे चालतं. हिडन काढून क्लिप लिहा, त्यानेही बाहेरचा भाग कापला जातो, पण स्क्रोल कंटेनर तयार होत नाही. आणि आडवा स्क्रोलबार मुळात का येतो तेही बघा, कुठेतरी रुंदी १०० व्हीडब्ल्यू (खिडकीची पूर्ण रुंदी) असेल, त्यात उभ्या स्क्रोलबारची जागाही धरली जाते.

कोराकागद:
हॅम्बर्गर मेनू (तीन रेघांवर उघडणारा) चेकबॉक्सच्या जुगाडाने केला असेल तर काढून टाका, सरळ बटन घ्या आणि आरिया-एक्सपांडेड (मेनू उघडा की बंद ते स्क्रीन रीडरला सांगणारं) बदलत ठेवा.

घाईत_आहे:
हॅम्बर्गर नाहीये.

कोराकागद:
पुढे लागेल.

घाईत_आहे:
क्लिपने चिकटला!! पण आता मेनूतल्या लिंकवर क्लिक केलं की त्या सेक्शनचं हेडिंग हेडरखाली लपतंय.

जुना_टॅग:
एचटीएमएल एलिमेंटला स्क्रोल-पॅडिंग-टॉप द्या, हेडरच्या उंचीएवढं, म्हणजे लिंकवरून उडी मारताना वर तेवढी जागा सुटेल. आणि यापुढे कोड टाकूनच विचारा.

बूटस्ट्रॅपप्रेमी:
बूटस्ट्रॅपमध्ये स्क्रोलस्पाय (स्क्रोल होईल तसा मेनूतला चालू सेक्शन दाखवणारा) पण आहे.