मिनेसोटातल्या तळ्यासाठी पाँटून बोट: दोन ट्यूबची घ्यावी की तीन?

लेक मिनेटोंकावर घरच्यांना घेऊन फिरायला पाँटून, म्हणजे धातूच्या पोकळ नळ्यांवर (ट्यूबवर) तरंगणारी सपाट बोट, घ्यायची आहे. एरवी आठ जण असतो, त्यात आजी-आजोबा आणि सात व नऊ वर्षांची मुलं. वापर म्हणजे संध्याकाळची फेरी, डबे नेऊन जेवण, कधीतरी मुलांना फुगवलेल्या तराफ्यावर ओढणं. दोन वापरलेल्या बोटी बघितल्यात. दोन्ही २२ फुटी, इंजिन ११५ एचपी. पहिलीला २५ इंची दोन ट्यूब, दुसरीला २३ इंची तीन. दुसरी बरीच महाग आहे. कुठली घ्यावी?

प्रतिसाद १

पहिली. लांबी सारखी धरली तर २५ इंची ट्यूब २३ इंचीपेक्षा १८ टक्के जास्त भार तोलते. तीन २३ इंची मिळून दोन २५ इंचीपेक्षा २७ टक्के जास्त तोलतात खऱ्या, पण मधली ट्यूब पुष्कळदा आखूड असते आणि तिचं वजनही त्यातूनच वजा होतं. तिसऱ्या ट्यूबचा फायदा कळतो तो वेगात आणि वळणावर. त्यासाठी ट्यूबना लिफ्टिंग स्ट्रेक (वेगात बोट वर उचलणाऱ्या, ट्यूबवरच्या उभारलेल्या पट्ट्या) हव्यात आणि इंजिन १५० एचपीचं. ११५वर आठ माणसं बसली की ती तीन ट्यूबची बोट नुसतं पाणी ढकलत राहील आणि पेट्रोल पिईल.

बोटीवरची क्षमतेची पाटी (किती माणसं आणि किती वजन चालेल ते सांगणारी) वाचा. त्यावर माणसांपेक्षा पाउंडांचा आकडा महत्त्वाचा, कारण बर्फाची पेटी आणि नांगरसुद्धा त्यातच मोजायचा.

प्रतिसाद २

ट्रेलरवर असताना वाकून खालून बघा. प्लायवूडच्या तळाला खालून आधार देणाऱ्या आडव्या पट्ट्या एकमेकींपासून १६ इंचांवर असतील तर उत्तम. २४ इंचांवर असतील तर दारापाशी पाय देऊन बघा, प्लायवूड दबतं का. मग पाण्यात सोडा. रिकामी बोट एका अंगाला कलली तर त्या बाजूच्या ट्यूबमध्ये पाणी शिरलेलं असू शकतं. ट्यूबमध्ये २-३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरून वेल्डिंगवर साबणाचं पाणी फिरवा, गळती असेल तिथे बुडबुडे येतात. जास्त दाब देऊ नका, सांधे उकलतात.

फेरी आठही जणांना बसवूनच मारा. पूर्ण थ्रॉटलला बऱ्याच ११५ इंजिनांना ५०००-६००० आरपीएम (मिनिटाला फेरे) यायला हवेत. ४७००वर अडकलं तर एक-दोन इंच कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी पुढे सरकणारा) प्रोपेलर लावा. इंचामागे १५०-२०० आरपीएम वाढतात.

धागाकर्ता

धन्यवाद, पाटी आणि पट्ट्या दोन्ही बघतो. मुलांना पुढच्या दाराबाहेर, पाय सोडून बसायचंय. चालेल?

प्रतिसाद २

बोट चालू असताना अजिबात नाही! तिथून पडलेलं मूल बोटीखालून थेट प्रोपेलरकडे जातं. दार बंद, किल स्विचची (चालवणारा पडला की इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला. मिनेसोटात चालत्या बोटीवर दहा वर्षांखालच्या मुलांना लाइफ जॅकेट सक्तीचं आहे, म्हणजे तुमच्या दोघांनाही.

आणि बोट रॅम्पवरून वर काढलीत की ड्रेन प्लग (आतलं पाणी सोडायचं बूच) काढल्याशिवाय रस्त्याला लागू नका. झेब्रा मसल (झपाट्याने पसरणारे बाहेरून आलेले छोटे शिंपले) एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून तोही कायदाच आहे.