सेल्युलर जेल नीट बघायला किती वेळ लागतो? (सोबत गुडघेदुखीचे ज्येष्ठ)

मंजिरी_ठाणे

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अंदमानला जायचं ठरतंय. सहा दिवस आहेत, त्यातले पोर्ट ब्लेअरला जेमतेम दोन. टूरवाल्यांच्या कार्यक्रमात सेल्युलर जेलला 'दुपारी ४ ते ६, लाइट अँड साउंड शोसह' एवढंच लिहिलंय. एवढ्यात जेल बघून होतं का?

बरोबर वडील आहेत, वय ७२, दोन्ही गुडघे दुखतात. त्यांना सावरकरांची कोठडी बघायचीच आहे, त्यासाठीच ते यायला तयार झालेत. मुलगा पाचवीत आहे. त्याला काय दाखवावं, किती सांगावं, हेही सुचवा. जेलसाठी वेगळी बोट लागते का? रॉस आणि वायपर बेट त्याच दिवशी होतं का?

दर्यावर्दी

बोटीचं आधी सांगतो. सेल्युलर जेलला बोट लागत नाही. ते पोर्ट ब्लेअर शहरातच, अटलांटा पॉइंटच्या टेकाडावर आहे. विमानतळापासून रिक्षाने पंधरा-वीस मिनिटं धरा. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा. सप्टेंबर २०२४ पासून शहराचं अधिकृत नाव श्री विजय पुरम झालंय. तिकिटांवर, ॲपवर कधी एक नाव दिसेल, कधी दुसरं. गोंधळू नका, गाव एकच.

आता टूरवाल्यांचा कार्यक्रम. तो बदलून घ्या. चारला पोचलात तर जेल बघून होणार नाही. जेल नऊच्या सुमारास उघडतं, साडेबाराच्या आसपास जेवणासाठी तासभर बंद होतं, दीडनंतर पुन्हा सुरू. चार वाजून गेले की आवराआवर सुरू होते. अंदमान पूर्वेला असूनही घड्याळ आपलंच, त्यामुळे जानेवारीत सव्वापाच-साडेपाचला सूर्य मावळतो. शो अंधार पडल्यावर असतो आणि तेव्हा कोठड्यांकडे जाता येत नाही, अंगणातल्या खुर्च्यांवर बसूनच बघायचं. 'शोसह' वाली सहल घेणारे बरेचजण तुरुंगाच्या भिंती लाल-निळ्या दिव्यांत बघून परततात, आत पाऊलही न टाकता. इतक्या लांब जाऊन असं होणं फार वाईट.

माझा सल्ला:

पहिल्या दिवशी सकाळी नऊच्या ठोक्याला दारात. उन्हं कमी, गर्दी कमी, आणि वडिलांना जिना चढताना मागून कोणी ढकलत नाही. तीन तास हातात ठेवा, ते पुरतात. संध्याकाळी शोसाठी पुन्हा या. शोचं तिकीट वेगळं असतं. हिंदी खेळाचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा, जानेवारीत आयत्या वेळी मिळत नाही. सोमवार आणि राष्ट्रीय सुट्टी टाळून बेत आखा. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र जवळ असू द्या, पुढे बोटींनाही लागतं.

सकाळचे तीन तास सलग जमत नसतील तर दुपारची दीडची वेळ घ्या, पण साडेअकराला मुळीच जाऊ नका. अर्धं बघून होईपर्यंत शिट्ट्या वाजतात आणि सगळ्यांना बाहेर काढतात.

नाशिकचा_वाडा

वडिलांच्या गुडघ्यांबद्दल. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या, म्हणजे तळमजला धरून तिसऱ्या मजल्यावर आहे, सात नंबरच्या विंगच्या अगदी शेवटच्या टोकाला. वर जायला जिनाच आहे. वर पोचल्यावर विंगच्या लांबीइतका व्हरांडा चालायचा आणि तेवढाच परत यायचा. म्हणजे दोन मजले चढणं, लांब चाल, दोन मजले उतरणं. गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, हे धरून चला. गुडघ्याचा पट्टा, काठी आणि पकड असलेले बूट हवेत. चपला नकोत.

क्रम असा ठेवा: आत शिरल्या शिरल्या सगळ्यात आधी वरची कोठडी, ताज्या पायांनी. मग खाली येऊन बाकीचं. बहुतेक लोक दालनं बघत बघत जातात आणि जिन्यापाशी येईपर्यंत ज्येष्ठ थकलेले असतात. वर अजिबात जमलं नाही तरी तळमजल्याच्या कोठड्या मापाने आणि बांधणीने वरच्यासारख्याच आहेत, आणि फाशीघर, कोलूची (तेलघाण्याची) शेड, अंगण हे सगळं खालीच आहे.

त्या कोठडीची खूण म्हणजे दुहेरी दार. इतर कोठड्यांना एकच गजांचं दार, इथे पुढे आणखी एक. खाली अंगणात फाशीघर दिसतं. सावरकर ४ जुलै १९११ ला इथे आले, मे १९२१ मध्ये त्यांना आणि थोरले भाऊ बाबाराव यांना मुख्य भूमीवर परत नेलं. बाबाराव त्यांच्या आधीपासून याच तुरुंगात होते आणि दोघा भावांची गाठ पडायला बराच काळ गेला. एकाच आवारात हे कसं शक्य होतं, ते इमारत बघितली की कळतं.

आराखडा

हाच मुद्दा पुढे नेतो, कारण इथे बघण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट इमारत स्वतःच आहे आणि गाइड बहुधा त्यावरून घाईने पुढे जातात.

बांधकाम १८९६ ला सुरू झालं, १९०६ ला संपलं. मधोमध टेहळणीचा मनोरा आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात तीनमजली विंगा. विटा ब्रह्मदेशातून आणल्या. एका ओळीत एकेकट्या कोठड्या, सगळ्या विंगा मिळून जवळपास सातशे. एकत्र कोंडायची बराक एकही नाही, म्हणून नाव सेल्युलर. प्रत्येक विंगचं तोंड पुढच्या विंगच्या पाठीकडे. दारातून बाहेर बघितलं तर समोर पलीकडच्या विंगची पाठ आणि तिच्यातले उंच झरोके, माणूस दिसत नाही. हाक मारणं, खूण करणं सगळंच बंद. सगळ्या विंगा मनोऱ्याशीच जोडलेल्या, त्यामुळे रात्री प्रत्येक विंगच्या प्रत्येक मजल्याला एक असे २१ वॉर्डर (पहारेकरी) पुरत.

कोठडी साधारण साडेतेरा फूट बाय सात-साडेसात फूट. मागच्या भिंतीत दहाएक फुटांवर झरोका. पाचवीतल्या मुलाला आत उभं करा आणि हात वर करून झरोक्याचा अंदाज घ्यायला सांगा, त्याला आकडे सांगायची गरज उरत नाही.

मग दार बाहेरून बघा. कडीचा लांब लोखंडी दांडा दारापासून बाजूला जाऊन भिंतीतल्या कोनाड्यात शिरतो आणि कुलूप तिथे लागतं. आतून गजांमधून हात काढला तरी बोटं तिथवर पोचत नाहीत. शिपाई किल्ली आत फेकून कैद्याला चिडवत, ही गोष्ट गाइड रंगवून सांगतात. ती बाजूला ठेवा. कोनाड्याची खोली आणि दारापासूनचं अंतर स्वतःच्या हाताने मोजा. मुलाला हे सगळ्यात जास्त लक्षात राहील.

आज तीनच विंगा आणि मनोरा उभा आहे. १९४१ च्या भूकंपात बरंच नुकसान झालं, मग १९४२ ते ४५ जपानी ताब्यात पडझड आणि पाडापाडी. चार विंगा गेल्या. त्या जागेवर १९६३ मध्ये गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आलं. मनोऱ्याच्या गच्चीवरून तुटलेल्या आऱ्यांच्या जागा कुठे असतील ते ओळखता येतं, आणि समोर रॉस बेट. गच्ची चुकवू नका. ११ फेब्रुवारी १९७९ ला मोरारजी देसाईंनी हे राष्ट्रीय स्मारक म्हणून अर्पण केलं.

मंजिरी_ठाणे

खूप आभार. टूरवाल्यांना सकाळची वेळ कळवते. कोलू, फाशीघर हे मुलाला दाखवावं का? आणि गाइड घ्यावा की नाही?

नाशिकचा_वाडा

कोलू जरूर दाखवा. शेडमध्ये प्रतिकृती आहे. बैलाच्या जागी माणूस जुंपून खोबऱ्याचं तेल काढायचं, दिवसाला ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलोंच्या वर. तेवढं भरलं नाही की शिक्षा. खडी हातकडी, दंडाबेडी, आडवी बेडी, फटक्यांची टिकटी, सगळं तिथे मांडलंय. दंडाबेडी आणि आडवी बेडी यांतला फरक समजावून सांगा: एकीत पाय वाकवता येत नाहीत, दुसरीत पाय जवळ आणता येत नाहीत. फाशीघरात एका तुळईला तीन दोर, खाली खोली. मुलगा हळवा असेल तर तेवढं दारातूनच दाखवा.

एक मनापासून सांगायचंय. आपण मराठी माणसं एका कोठडीला नमस्कार करून परततो. मनोऱ्यात प्रांतवार नावांच्या संगमरवरी पाट्या आहेत, त्यांच्यापुढे थोडा वेळ उभे राहा. बंगालची यादी संपता संपत नाही, त्यानंतर पंजाब. मुंबई इलाख्यातून सावरकर बंधूंबरोबर नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या खुनाच्या खटल्यातले वामन नारायण जोशीही इथे होते, त्यांचं नाव आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही. छळ सहन न होऊन १९१२ मध्ये बंगालचे क्रांतिकारक इंदुभूषण रॉय यांनी कोठडीत गळफास घेतला. त्यांचे सहकारी उल्लासकर दत्त यांचं मानसिक संतुलन गेलं. कैद्यांच्या १९३३ च्या उपोषणात महावीर सिंह, मोहन किशोर नमदास आणि मोहित मोइत्रा गेले. ही तीन नावं मुलाला पाटीवर शोधायला लावा.

गाइड घ्या, पण दारातच दोन गोष्टी ठरवा: पैसे किती आणि वर कोठडीपर्यंत येणार का. काहीजण अंगणात उभं राहून वीस मिनिटांत सगळं उरकतात.

दर्यावर्दी

रॉस-वायपरचं. रॉसचं नाव २०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. बोट ॲबरडीन जेट्टीवरून, दहा-पंधरा मिनिटांची. बुधवारी बेट बंद असतं. जेलच्या दिवशी दुपारी होऊ शकतं, पण वडिलांचे पाय सकाळी जिन्यावर दमलेले असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा. बेटावर चढ आहे, मात्र ज्येष्ठांसाठी बॅटरीवर चालणारी गाडी मिळते. उतरल्याबरोबर तिची चौकशी करा, मागाहून रांग लागते. ज्या बोटीने गेलात तिनेच परतायचं असतं. नावाड्याने दिलेली वेळ आणि बोटीचं नाव फोनमध्ये टिपून ठेवा, परतीच्या गर्दीत सगळ्या बोटी सारख्याच दिसतात.

रॉस बघितल्याशिवाय जेल अर्धंच समजतं. १८५८ पासून १९४१ पर्यंत इंग्रजांचं मुख्य ठाणं तिथे होतं: चीफ कमिशनरचा बंगला, चर्च, बेकरी. आता सगळ्या भिंतींना वडाच्या मुळ्यांनी धरलंय. एका तीरावर कैदी, समोरच्या तीरावर नाचघर. दोन्हींमधलं पाणी किती थोडं आहे ते बोटीतून बघा.

आराखडा

वायपर हे सेल्युलरच्या आधीचं पान. १० मार्च १८५८ ला पहिले २०० कैदी अंदमानात उतरले, म्हणजे सेल्युलर बांधायच्या कितीतरी आधी. सुरुवातीच्या काळात बेड्या घालून कामाला लावायचं, ते ठिकाण वायपर. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला ८ फेब्रुवारी १८७२ ला मारणाऱ्या शेर अली आफ्रिदीला तिथेच फाशी दिलं. टेकडीवरचं घुमटाकार विटांचं फाशीघर अजून उभं आहे. तिकीट काढताना एवढंच विचारा: बेटावर उतरवणार की बोटीतूनच दाखवणार? 'तीन बेटं' म्हणून विकल्या जाणाऱ्या सहलीत याची खात्री नसते, आणि त्यातल्या तिसऱ्या ठिकाणी, नॉर्थ बेवर, पाण्यातल्या खेळांसाठीच निम्मा दिवस जातो. वडिलांबरोबर असताना मी फक्त रॉस निवडेन.

मुलाला जपानी काळही सांगा, शोमध्ये त्याचं फार थोडं येतं. याच जेलमध्ये जपान्यांनी स्थानिकांना हेर ठरवून डांबलं. तिथले डॉक्टर आणि पंजाबी कवी डॉ. दिवान सिंग छळामुळे जानेवारी १९४४ मध्ये इथेच गेले.

दर्यावर्दी

शोचं राहिलं होतं. खुर्च्या उघड्यावर आहेत. जानेवारीत पाऊस क्वचित, पण डास असतात, वडिलांना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि अंगाला मलम. वेळेच्या अर्धा तास आधी रांगेत उभे राहा आणि कडेच्या खुर्च्या घ्या, उठताना कोणाचे पाय ओलांडावे लागत नाहीत. शो सुटल्यावर दाराशी रिक्षांची झुंबड उडते. सकाळच्याच रिक्षावाल्याचा नंबर घेऊन त्याला थांबायला सांगून ठेवा, आणि टेकाड उतरून शंभर पावलांवर भेटायचं ठरवा.