मदत हवी आहे: मामांच्या सर्कशीच्या वाटणीचा वाद

नमस्कार मंडळी. माझ्या दोन्ही मामांनी मिळून सर्कस काढली. मोठे मामा गेल्या वर्षी वारले आणि आता त्यांची मुलं व धाकटे मामा एकमेकांचं तोंडही बघत नाहीत. तंबू, लोखंडी खांब, जनरेटर, झुल्यांचं सामान, सगळं नाशिकजवळ गोदामात कुलूपबंद आहे. दोन्ही बाजूंची कुलपं! पावसाळ्यात तंबूचं कापड सडेल, याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते.

धंदा आधीच खचला होता. सर्कशीत वाघ-सिंहांच्या खेळांवर बंदी घालणाऱ्या १९९८च्या सरकारी अधिसूचनेनंतर वाघ-सिंह गेले, मग हत्तीही. तरी मामांनी कसरतींवर तंबू उभा ठेवला. लहानपणी मी तिकीट खिडकीवर बसायचे, त्यामुळे हे सगळं मोडताना बघवत नाही.

भागीदारीचा कागद साध्या स्टॅम्प पेपरवर आहे, नोंदणी नाही. भागीदारी कायदा, १९३२ नुसार वेगळा करार नसेल तर एक भागीदार वारल्यावर फर्म संपते, असं वाचलं. मग नोंदणी नसताना हिशेब मागता येतो का? कोर्टाचा निकाल लागेपर्यंत सामानाची देखभाल कोणी करायची? कलाकारांचे तीन महिन्यांचे पगार थकलेत. ते आधी कसे देता येतील?

मामा म्हणतात, "पोरांना मी खांद्यावर खेळवलंय, कोर्टात कसा उभा राहू?" त्यामुळे आधी समेटाचा प्रयत्न करायचा आहे. कोर्टात दावा दाखल करण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मध्यस्थी कोणी करून घेतली आहे का? नाशिकमधला अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.