मदत हवी आहे: एबीएसच्या दाण्याचे पापुद्रे सुटतात (मकरपुरा, बडोदे)

मकरपुरा_दाणा: ई-कचऱ्यातला एबीएस (टीव्ही, कीबोर्डच्या कव्हरचं कडक प्लास्टिक) दळून, धुवून मोल्डिंगसाठी दाणा काढलाय. पार्टीने मोल्डिंग केलं की गेटपाशी (वितळलेलं प्लास्टिक साच्यात शिरतं तिथे) कांद्यासारखे पापुद्रे निघतात. ८० डिग्रीला ३ तास वाळवला, मशीनचं बॅरल (प्लास्टिक वितळवणारी नळी) २४० वर नेलं, फरक शून्य. शनिवारी २०० किलो द्यायचाय. लवकर सांगा.

रावपुरा७: माल कशाचा? फ्रिजचं लायनर की टीव्हीची पाठ? पाण्यात सोडलात का?

दांडियाबाजारकर: ओलावा असता तर चंदेरी रेघा आल्या असत्या. पापुद्रे म्हणजे भेसळ. आधी २१५ वर या. ब्रोमीनवाला (आग लागू नये म्हणून ब्रोमीन घातलेला) माल असेल तर २४० ला काळे ठिपके येतील आणि आम्लाच्या वाफेने स्क्रू खाल्ला जाईल.

मकरपुरा_दाणा: मॉनिटर, प्रिंटर, कीबोर्ड, सगळं एकत्र. साध्या पाण्यात तरंगलं ते काढून टाकलं. बुडालं तो एबीएसच ना?

रावपुरा७: नाही हो! साध्या पाण्यावर नुसतं पीपी-पीई (पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिलीन) तरंगतं, आणि टाल्क (खनिज भुकटी) भरलेलं पीपी तर तेही बुडतं. तळाला जातात त्यांच्या घनता: एबीएस १.०५, पीसी-एबीएस (पॉलिकार्बोनेट मिसळलेला) १.१ च्या वर, पीसी १.२, ब्रोमीनवाला साधारण १.१५ च्या पुढे. १०० लिटर पाण्यात १६ किलो मीठ विरघळवा, घनता १.१० च्या आसपास येते. हायड्रोमीटर लावूनच बघा. चमचाभर साबण घाला, नाहीतर बुडबुडे चिकटून जड तुकडेही वर राहतात. वरचा घ्या, तळचा वेगळ्या गोणीत.

दांडियाबाजारकर: मिठाने हिप्स (हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन) कसं जाईल? त्याची घनता एबीएसएवढीच. टाल्कवालं पीपीही वरच राहणार. दळण्याआधीच निवडायला हवं. कव्हरच्या आतला ठसा वाचा: एबीएस की पीएस-एचआय (म्हणजे हिप्स). एफआर (१७) दिसलं तर ब्रोमीन आणि अँटिमनी, तो तुकडा बाजूला. ठसा नसेल तर संत्र्याच्या सालीच्या तेलाचा थेंब टाका. थोड्या वेळात हिप्स चिकट होतं, एबीएस तसाच राहतो.

जाळी_८०: एवढी निवड कोण करणार? ५ टक्के एसईबीएस (वेगळी प्लास्टिकं जोडणारं रबर) घाला, सगळं एकजीव होतं.

दांडियाबाजारकर: ती मलमपट्टी आहे. पापुद्रे कमी दिसतील, पण ब्रोमीन दाण्यातच राहील आणि उद्या कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाईल. पीबीडीईची (ब्रोमीनवालं आगरोधक रसायन) मर्यादा ०.१ टक्का आहे.

जाळी_८०: तांब्याची तार तापवून लावा, ज्योत हिरवी झाली तर फेका. सोपं.

रावपुरा७: पीव्हीसीच्या क्लोरीननेही ज्योत हिरवी होते, प्रमाण कळत नाही, आणि तो धूर घेऊ नका. एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र) एखाद्या प्रयोगशाळेकडून तासावर मिळते का बघा. तीही एकूण ब्रोमीनच दाखवते, पीबीडीई वेगळं नाही. पण निवडायला पुरते.

भंगार_बाजार: या प्लास्टिकवर ईपीआर (उत्पादकाची विस्तारित जबाबदारी) प्रमाणपत्र मिळतं का?

रावपुरा७: २०२२ च्या ई-कचरा नियमांत ते सोनं, तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड यांवर आहे. प्लास्टिकचा भाव दाण्याच्या शुद्धतेवरच.

भंगार_बाजार: मग पेव्हर ब्लॉक करा ना, खप आहे.

मकरपुरा_दाणा: २० तुकड्यांवर तेल टाकलं, ७ चिकट झाले. मग या २०० किलोचं काय करू?

दांडियाबाजारकर: पाठवू नका. दाण्यातून आता काही वेगळं निघणार नाही. तो मिश्र माल म्हणून वेगळा ठेवा, काय आहे ते पार्टीला स्पष्ट सांगा. नवा माल निवडून ५ किलोची पट्टी मोल्ड करा, गेटपाशी वाकवून बघा.

मकरपुरा_दाणा: ठीक. आणि मिठाचं पाणी गटारात सोडलं तर चालेल?

रावपुरा७: नाही! गाळून पुन्हा वापरा. आणि तुकडे साध्या पाण्याने दोनदा धुवा, मीठ राहिलं तर बॅरल गंजतं.