मदत हवी आहे: गार बुलेटला कॉम्प्रेशनच नाही, तापली की थोडं परत येतं

नमस्कार मंडळी,

मुक्काम गडहिंग्लज. गाडी १९९६ची बुलेट ३५०, लोखंडी ब्लॉकची, पुशरॉडवाली (व्हॉल्व्ह उघडायला खालून वर जाणाऱ्या लांब दांड्या असलेली). वडिलांनी नवी घेतलेली. आता त्यांचं वय ७१. ते रस्त्यावर काढत नाहीत, पण सकाळचा चहा झाला की अंगणात तिला सुरू करून पाच मिनिटं शेजारी उभे राहतात. गेले तीन आठवडे ते बंद पडलंय, म्हणून हा धागा काढतोय.

त्रास असा आहे. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जायला हवी, ती दाबलीच जात नाही. सकाळी गार इंजिनवर किक लोण्यासारखी खाली जाते. एरवी डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडायचा बारका व्हॉल्व्ह) न ओढता पेडलवर उभं राहिलं तरी पाय अडायचा. आता हाताने दाबलं तरी पेडल तळाला टेकतं. उतारावरून ढकलून दुसऱ्या गिअरला सोडली तर सुरू होते. पहिली दोन-तीन मिनिटं सायलेन्सरमधून फटाके वाजतात, आयडलिंग धरत नाही. मग हळूहळू सावरते. महागावपर्यंत जाऊन आलो आणि बंद करून लगेच किक मारली, तर पाय अडतो. पूर्वीइतका नाही, पण अडतो. रात्रभर उभी राहिली की पुन्हा तेच.

प्लग नवा घातला, पॉइंट साफ करून गॅप लावला, ठिणगी निळी आणि जोरदार आहे. कार्बोरेटर उघडून धुतला. निळा धूर अजिबात नाही, ऑइलही कमी होत नाही.

मित्राकडून कॉम्प्रेशन गेज आणून प्लगच्या जागी लावलं, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून सात-आठ किक मारल्या. गार असताना ४० पीएसआय, तापल्यावर ८०.

गावातल्या एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी किक मारून पाहिली आणि लगेच सांगितलं, पिस्टनच्या रिंगा गेल्या, बोअरिंग करून (सिलिंडर आतून मोठा करून) नवा पिस्टन टाकावा लागेल. बोअर अजून कंपनीतून आला तसा स्टँडर्ड आहे. कारण पक्कं कळल्याशिवाय त्याला हात लावायला मन धजत नाही. बोअर एकदा मोठा केला की मागे येता येत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं, आधी काय तपासू?

रानवाट:
बोअरिंगचं नाव सध्या घेऊ नका. आधी ओली चाचणी करा. गार इंजिनवर गेजचा आकडा लिहून ठेवा, मग प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल सोडा, दोन-तीनदा किक फिरवून ते पसरू द्या आणि पुन्हा आकडा घ्या. ऑइलने रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजतात. आकडा एकदम चढला तर रिंगा किंवा बोअर. जागचा हलला नाही तर हवा वरून जातेय, म्हणजे व्हॉल्व्ह, हेडचं पॅकिंग किंवा डीकॉम्प्रेसर. ऑइल चमचाभरच घाला. जास्त झालं तर वरची मोकळी जागाच भरते आणि आकडा खोटा चढतो.

डीकॉम्प्रेसरची केबलही बघा. लिव्हरला थोडी ढील असलीच पाहिजे. केबल ताणलेली असेल तर तो बारका व्हॉल्व्ह कायम अर्धवट उघडा राहतो आणि माणूस रिंगांना दोष देत बसतो.

धागाकर्ता:
धन्यवाद रानवाट. लगेच करून पाहिलं. कोरडं ४०, ऑइल घालून ४५. डीकॉम्प्रेसरला ढील आहे, तरी केबल पूर्ण सोडून पाहिली, काही फरक नाही.

लेथवाला:
मग रिंगांवरचा संशय गेला. आता गळती कुठे आहे ते कानाने ऐका. जुन्या प्लगची चिनी माती फोडून काढा, उरलेल्या लोखंडी बुडाला पंक्चरवाल्याकडची हवेची नळी जोडून घ्या. आमच्या वर्कशॉपात असे दोन-तीन प्लग कायम तयार असतात. पिस्टन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला अगदी वर आणा, टॉप गिअर टाका आणि एकाला मागचा ब्रेक दाबून बसवा, नाहीतर हवेच्या दाबाने इंजिन फिरेल आणि किकचं पेडल नडगीवर बसेल. हवा सोडा आणि ऐका. सायलेन्सरच्या तोंडाशी फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरच्या तोंडाशी आली तर इनलेट, क्रँककेसच्या ब्रीदर पाइपातून जोरात आली तर रिंगा. हेडच्या सांध्यावर आणि डीकॉम्प्रेसरच्या बुडाशी साबणाचं पाणी लावा, बुडबुडे लपत नाहीत. ब्रीदरमधून थोडी हवा चांगल्या इंजिनातही येते, तिला घाबरू नका.

जुना फिटर:
वरच्या दोघांनी बरोबर सांगितलंय. मला एकच विचारायचंय. टॅपेटला, म्हणजे पुशरॉडची फट लावतात तिथे, शेवटचा हात कधी लागला, कोणाचा लागला, आणि तेव्हा इंजिन गार होतं का?

धागाकर्ता:
काका, हे मी आधीच लिहायला हवं होतं. महिन्यापूर्वी आंबोली घाट चढून वर आलो तेव्हा टॅपेटचा आवाज फार येत होता. चहाच्या टपरीवर गाडी लावली, उजव्या बाजूचं टॅपेटचं झाकण काढलं आणि दोन्ही पुशरॉडची फट शून्यावर आणली. पुशरॉड बोटाने फिरेल पण वर-खाली हलणार नाही, असंच वडिलांनी शिकवलं होतं. इंजिन मात्र हात लावता येऊ नये इतकं गरम होतं. एक्झॉस्टचा जास्त कसावा लागला. आवाज गेला आणि मला बरं वाटलं.

लेथवाला यांनी सांगितलेली चाचणीही काल केली. हवा सायलेन्सरमधून येतेय, अगदी स्पष्ट.

जुना फिटर:
दुखणं तिथेच आहे. वडिलांनी शिकवलेलं बरोबरच आहे, पण ते गार इंजिनासाठी. या इंजिनात कॅम (पुशरॉडला वर ढकलणारा फिरता उंचवटा) खाली आणि व्हॉल्व्ह वर, मध्ये लांब पुशरॉड. इंजिन तापलं की ब्लॉक आणि हेड मिळून जेवढे वाढतात त्या मानाने पुशरॉड कमी पडतो आणि फट वाढते. म्हणून तर गार असताना फट शून्य ठेवायची मुभा आहे. तुम्ही गरम इंजिनात वाढलेली फट शून्य केलीत. रात्री इंजिन गार झालं, ब्लॉक-हेड मूळ मापाला आले, पुशरॉड त्यात लांब ठरला आणि त्याने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवरून (तो जिथे घट्ट टेकतो त्या कड्यावरून) उचलून धरला. गार असताना कॉम्प्रेशन नाही आणि तापल्यावर येतं, त्याचं कारण हेच.

आता पुढचं नीट वाचा. गाडी रात्रभर सावलीत उभी राहू दे. सकाळी सुरू न करता प्लग काढा आणि टॅपेटचं झाकण उघडा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा. इथे बरेच जण फसतात, कारण पिस्टन एक्झॉस्टच्या शेवटीही वर येतो. किक हळूहळू फिरवत इनलेटच्या पुशरॉडवर नजर ठेवा. तो वर जाऊन पुन्हा खाली बसला की त्यानंतर पिस्टन वर येतो तो कॉम्प्रेशनचा. प्लगच्या भोकावर अंगठा धरला तरी हवा ढकललेली कळते, तुमचा एक्झॉस्ट गळत असला तरी थोडी कळेलच.

पाने तीन लागतात, पातळ. एकाने चेकनट (ॲडजस्टर जागेवर पक्का ठेवणारा नट) धरायचा, बाकी दोघांनी ॲडजस्टर फिरवायचा. आधी दोन्ही पुशरॉड चांगले सैल करा आणि मग हळूहळू फट काढत या. अंगठा आणि तर्जनीत धरून पुशरॉड गरागरा फिरला पाहिजे, वर-खाली मात्र हलता कामा नये. पूर्ण फेरा फिरवून बघा. फेऱ्यात एकाच जागी अडत असेल तर पुशरॉड वाकलाय. चेकनट आवळताना माप हमखास सरकतं, आवळल्यावर परत तपासा. शंका असेल तर एक्झॉस्ट किंचित सैल ठेवा. थोडा वाजला तरी चालेल, गप्प राहून उघडा राहिला तर जळेल. व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः सीटवरूनच हेडमध्ये जाते. सीटला टेकलाच नाही तर ती जाणार कुठे?

नवशिक्या रायडर:
मध्येच विचारतो, माफ करा. माझी १०० सीसीची गाडी आहे. तिलाही शून्यावर ठेवायचं का?

जुना फिटर:
नाही भाऊ, अजिबात नाही. तुमच्या गाडीत कॅम वर हेडमध्येच आहे, पुशरॉड नाही. तिथे तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांब होते आणि फट कमी होते. त्यामुळे गार असताना फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून फट सोडावीच लागते. बऱ्याच छोट्या गाड्यांत ती ०.०५ ते ०.१० मिमीच्या दरम्यान असते, पण आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतलाच घ्या. दोन्हींत सारखी गोष्ट एकच, माप गार इंजिनावर घ्यायचं.

धागाकर्ता:
आज सकाळी सहाला बसलो. झाकण काढलं तर एक्झॉस्टचा पुशरॉड बोटांनी फिरेचना, पकडीने धरल्यासारखा घट्ट. इनलेट जड, पण फिरत होता. एक्झॉस्टचा चेकनट सोडून ॲडजस्टर फिरवायला घेतला. पाव आट्यापर्यंत स्प्रिंगचा जोर पान्यावर जाणवत होता, मग एका क्षणी तो जोर नाहीसा झाला आणि पाना हलका पडला. व्हॉल्व्ह सीटवर बसला तो क्षण हातालाच कळला. वडील शेजारी स्टूलवर होते. त्यांनी स्वतः पुशरॉड फिरवून पाहिला आणि मान डोलावली.

गार इंजिनावर गेज लावलं, ७५ पीएसआय. दुसऱ्या किकला सुरू झाली. पण नवीन असतानाचा जोर नाही आणि हवा सोडली की सायलेन्सरमध्ये अजून हलकी फुसफुस आहे. महिनाभर मी तशीच चालवली, त्यात व्हॉल्व्ह जळला असेल का?

लेथवाला:
जळला म्हणजे लगेच गेला असं नाही. आधी दोनेकशे किलोमीटर चालवून बघा, सीटवर अडकलेला कार्बन कधी कधी सुटतो. आकडा वाढला नाही तर हेड उतरवा. व्हॉल्व्ह काढून गाइडमध्ये (त्याची दांडी ज्यात सरकते त्या नळीत) हलवून पाहा. दांडी लटपटत असेल तर गाइड आधी बदलावा लागतो, नाहीतर घासलेली सीट टिकत नाही. दांडी ठीक असेल तर ग्राइंडिंग पेस्ट लावून, रबरी कपाची काडी दोन तळहातांत घुसळल्यासारखी फिरवत घासा. मध्ये मध्ये व्हॉल्व्ह उचलून थोडा फिरवून ठेवायचा. व्हॉल्व्हवर आणि सीटवर सलग करडी पट्टी उठली की बस झालं. पट्टी तुटक राहिली किंवा खड्डा जात नसेल तर सीट कटरने कापून घ्या, हाताने घासत बसू नका. शेवटी पेस्टचा कण न कण धुऊन काढा. तो बोअरमध्ये गेला तर तुमचा स्टँडर्ड बोअर आपल्याच हाताने खराब होईल.

धागाकर्ता:
उशिरा लिहितोय, पण पूर्ण हकिगत इथे असावी म्हणून लिहितो. दोनशे किलोमीटरनंतर आकडा ८०च्या पुढे जाईना. हेड उतरवलं आणि कोल्हापूरला उद्यमनगरात घेऊन गेलो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या काठावर एका जागी मोहरीएवढा काळा डाग होता, त्याच्यासमोर सीटवरही तसाच. बाकी पट्टी शाबूत, गाइड घट्ट. तिथल्या मिस्त्रींनी मला समोर बसवून घासायला लावलं. पाऊण तासाने डाग गेला आणि सगळीकडून सारखी करडी पट्टी दिसली. व्हॉल्व्ह-स्प्रिंग बसवून हेड उलटं ठेवलं आणि वरच्या खोलगट भागात रॉकेल ओतलं. दहा मिनिटं थांबलो, पोर्टमध्ये एक थेंब उतरला नाही.

बोअरमध्ये बॅटरी मारून पाहिली. भिंतीवर उभे ओरखडे नाहीत, वरच्या टोकाला नखाला पायरी लागत नाही. रिंगांना हात लावला नाही. पॅकिंग नवं टाकलं, पुढच्या सकाळी गार इंजिनावर टॅपेट पुन्हा लावले. हेड उतरवून बसवलं की आधीचं माप उरत नाही, हे जुन्या फिटर काकांनी निरोपात बजावलं होतं.

गार इंजिनाचा आकडा १०५ पीएसआय. पाचशे किलोमीटरनंतर हेडचे नट आणि टॅपेट परत तपासले, एक्झॉस्ट थोडा हलला होता, लावून घेतला.

काल सकाळी वडिलांनी चहाचा कप कट्ट्यावर ठेवला, मला बाजूला व्हायला सांगितलं, अँपिअर मीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळू दाबली, डीकॉम्प्रेसर ओढून पेडल थोडं पुढे नेलं आणि एकाच किकमध्ये गाडी सुरू केली.

रानवाट, लेथवाला आणि जुना फिटर काका, तुमचे मनापासून आभार. धागा असाच राहू दे.