विरजणातले जिवाणू विषाणूशी लढतात तरी कशाने?

गंगावेशीतली लेक:
आमचं गंगावेशीजवळ दह्याचं छोटं दुकान. कट्ट्यावरचं म्हशीचं दूध, मातीची मडकी. सहा महिन्यांपूर्वी रोज सारखी चव मिळावी म्हणून पाकिटातलं विरजण सुरू केलं. मंगळवारपासून तीन दिवस दही लागलंच नाही. दूध नुसतं कोमट, गोडसर. भांडी उकळली, दूध बदललं, तरी तेच. आई म्हणते, माझ्याच हाताला काहीतरी झालंय. कॉलेजात मॅडमनी ऐकताक्षणी सांगितलं, 'फाज असणार', म्हणजे जिवाणूंना मारणारा विषाणू. मला पुढचं कळत नाही. जिवाणू म्हणजे एकच पेशी. रक्त नाही, पांढऱ्या पेशी नाहीत. मग लढायला त्यांच्याकडे असतं काय? आणि आजीचं विरजण इतकी वर्षं कसं टिकलं?

जुना प्रयोगशाळावाला:
ताई, आधी आईंना सांगा, हाताचा दोष नाही. मी सव्वीस वर्षं दुधाच्या प्रयोगशाळेत काढली. उत्तम विरजण लावलेली अख्खी टाकी सकाळी तशीच पातळ पाहिली आहे. एका पेशीत शिरलेला फाज थोड्याच वेळात तिला फोडून अनेक होऊन बाहेर पडतो.

लढायला प्रथिनं असतात. काही कात्रीसारखी. फाजने आपला डीएनए आत सोडला की ती डीएनएतल्या रासायनिक अक्षरांचा ठरावीक क्रम शोधून तिथेच तोडतात. ई. कोलाय या जिवाणूतली इकोआरवन ही कात्री 'जीएएटीटीसी' दिसलं की कापते. स्वतःचा डीएनए वाचतो, कारण दुसरं प्रथिन त्या जागांवर मिथाइल या छोट्या रासायनिक गटाची खूण करून ठेवतं. आपली म्हैस ओळखू यावी म्हणून शिंगं रंगवतात ना, तसं. या कात्र्यांच्या कामासाठी आर्बर, नेथन्स आणि स्मिथ यांना १९७८ चं नोबेल मिळालं.

काही जिवाणूंना आठवणही असते. २००७ मध्ये डॅनिस्को कंपनीतल्या संशोधकांनी ते दह्यातल्याच स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसमध्ये दाखवलं. हल्ल्यातून वाचलेल्यांनी फाजच्या डीएनएचा तुकडा स्वतःच्या डीएनएत जपला होता. तो काढला की प्रतिकार गेला. हेच क्रिस्पर. कॅस नावाची कात्री-प्रथिनं त्या तुकड्याची आरएनए प्रत (डीएनएसारख्याच रेणूतली नक्कल) घेऊन फिरतात, फाजच्या डीएनएशी जुळलं की कापतात. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. ज्यांना मी रोज टाकीत ओतत होतो, त्यांच्याकडे वैऱ्याची ओळख लिहून ठेवलेली!

मला सगळ्यात हलवून जाते ती सीबास नावाची बचावाची पद्धत. विषाणूची चाहूल लागताच एक प्रथिन छोटा संदेश-रेणू बनवतं, त्याने दुसरं जागं होतं आणि स्वतःच्याच पेशीचं आवरण किंवा डीएनए मोडून टाकतं. फाज पूर्ण तयार व्हायच्या आत पेशी मरते, शेजारणी वाचतात. आपल्या पेशींत विषाणूच्या डीएनएवर नजर ठेवणारं सीगॅस हे प्रथिन याच घराण्यातलं आहे.

आजीच्या विरजणात अनेक वाण होते. एका वाणाला मारणारा फाज बहुधा दुसऱ्याला लागत नाही, उरलेले दही लावतात. पाकिटात मोजके वाण, तेही रोज तेच.

शिरोळचा गोठेवाला:
चक्का कुठे टांगता? दह्याच्या निथळत्या पाण्यात फाज भरपूर असतो, शिंतोडे उडाले की पुन्हा विरजणात. दूध उकळून उपयोग नाही, विरजण त्यानंतर पडतं. जागा क्लोरीनच्या पाण्याने धुवा. दोन-तीन वेगळी विरजणं आळीपाळीने वापरा.

गंगावेशीतली लेक:
चक्क्याची फडकी विरजणाच्या ओट्यावरच टांगलेली होती! आज मागच्या खोलीत नेली. मावशीकडे आजीचंच विरजण चालू आहे, तिथून वाटीभर आणलं. काका, कॅस इतकं नेमकं कापतं, तर फाज वाचतो कसा?

जुना प्रयोगशाळावाला:
फाजच्या स्वतःच्या डीएनएत त्या तुकड्याच्या जागचं एखादं अक्षर बदलतं, मग ओळख पटत नाही. शिवाय काही फाज स्वतःचं प्रथिन बनवतात. ते कॅसला चिकटून त्याला निकामी करतं. अशी अँटी-क्रिस्पर प्रथिनं २०१३ मध्ये उजेडात आली. दही लागलं की कळवा, आईंनाही विचारलंय म्हणून सांगा.